शेवंताबाईंचा तोल

"आधी वास घे," शेवंताबाई मला म्हणाल्या. आमच्या ओळखीची सुरुवात या वाक्याने झाली.

मी तेव्हा नागभीडजवळच्या एका पुनर्वसन केंद्रात फिजिओथेरपिस्ट होते. लकवा मारलेली माणसं, जन्मापासून हातपाय ताठ असलेली मुलं, अपघातात कंबर गेलेले ट्रकवाले असे पेशंट आमच्याकडे यायचे. कुणी जवळपासच्या खेड्यांतून, तर कुणी थेट एटापल्लीच्या आतल्या गावाहून बस बदलत बदलत. त्या सकाळी फाटकाशी ऑटो थांबला आणि त्यातून एक उंच, हाडापेराने मजबूत बाई नवऱ्याचा खांदा धरून उतरली. पाय फाकवून, एकेक पाऊल आपटत ती यायला लागली. पडवी ओलांडताना एकदा डाव्या भिंतीवर गेली, एकदा उजव्या. माझ्या टेबलापाशी आल्यावर तिने नवऱ्याचा हात झटकला, वाकून माझ्या नाकाजवळ तोंड आणलं आणि मोठ्याने श्वास सोडला.

"आला का वास?"

"कांद्याचा आला," मी म्हटलं.

"मंग आधी ते लिही. शेवंता मनोहर मानकर, दारू पेत नाई. आता बाकीचं काय इचारतं ते इचार."

मागे त्यांचे नवरे मनोहरभाऊ त्यांच्या चपला हातात धरून उभे होते. ते हळूच म्हणाले, "राग नका मानू, मॅडम. ते सगळ्याइलेच असं करते."

ते खरं होतं. बसच्या कंडक्टरला, रक्त तपासायला आलेल्या नर्सला, केंद्र पाहायला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा शेवंताबाई आधी तोंडाचा वास घ्यायला लावायच्या. नवीन लोक दचकून मागे सरकायचे. त्यांना त्याची पर्वा नव्हती.

त्यांचं गाव खडकबोडी, आमच्या केंद्रापासून धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, गेलं की आलंच. गावाला मोठा तलाव आणि तलावावर जगणारी मासेमारांची घरं. धडधाकट असताना शेवंताबाई नवऱ्याच्या बरोबरीने जाळं फेकायच्या आणि मासळीची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला जायच्या. त्यांचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात असे. तो आवाज पुढे दारूबंदीसाठी कामी आला. चंद्रपूर जिल्ह्यात दारू बंद करा म्हणून खेड्यापाड्यांतल्या बाया रस्त्यावर उतरल्या होत्या, त्यात खडकबोडीच्या बाया शेवंताबाईंच्या मागे होत्या. मोर्चात त्या पुढे. गावात मोहाची दारू गाळणाऱ्या दिवाकरची मडकी फोडायलाही त्याच पुढे. दिवाकरला त्यांनी त्याच्याच हाताने ड्रम बाहेर आणायला लावले होते आणि नालीत ओतायलाही लावले होते. "अर्धा ओतून थांबला, त मी म्हनली, पूर्न कर, गा. देवाले वाहून राह्यला समज," असं त्या सांगायच्या, आणि हे सांगताना त्यांचं जड झालेलं बोलणंही थोडं हलकं व्हायचं.

आपल्या बायांना त्यांनी एक नियम घालून दिला होता. माणूस रस्त्यात पडला तर उचला, पिऊन पडला तर हात लावू नका. तमाशा होऊ द्या, लाज वाटू द्या. बाया तो नियम पाळायच्या.

जिल्ह्यात दारूबंदी झाली. आणि त्यानंतर थोड्याच काळात शेवंताबाईंचे पाय लटपटायला लागले.

आधी डोक्यावरची टोपली कलंडायला लागली. मग तलावाच्या पाळीवरून चालताना त्या एका बाजूला ओढल्या जायच्या. जीभ जड झाली. एका बाजाराच्या दिवशी त्या भर रस्त्यात मासळीसकट पडल्या. मासळी धुळीत, पदर कुठे, टोपली कुठे. त्यांच्या स्वतःच्या बाया पाच-सात पावलांवर मासळी विकत बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं आणि माना खाली घातल्या. कुणी उठलं नाही.

"काऊन उठतीन?" शेवंताबाई मला म्हणाल्या. "मीच त शिकवलं होतं त्याइले."

गावात बोभाटा झाला. दारूबंदीवाली बाईच पिते. दिवाकर तर घरोघर जाऊन सांगत होता, की माझी मडकी फोडली ती काय फुकट फोडली नाहीत, आधी भरून घेतली. शेवटी महिला मंडळाची बैठक समाजमंदिरात बोलावली गेली. शेवंताबाई अध्यक्ष होत्या. त्या बोलायला उठल्या आणि शब्द तोंडातल्या तोंडात घोळले. तेव्हा त्यांची सगळ्यांत जवळची मैत्रीण, मोर्चाभर त्यांच्या खांद्याला खांदा लावून चाललेली गिरजाबाई, उभी राहिली आणि म्हणाली, "शेवंता, वाईट नको वाटून घेऊ. पन एकदाचं होऊन जाऊ दे."

मग एकेका बाईने पुढे येऊन शेवंताबाईंच्या तोंडाचा वास घेतला. म्हाताऱ्यांनी घेतला, लेकुरवाळ्यांनी घेतला. ज्यांच्या नवऱ्यांना शेवंताबाईंनी काठी दाखवून घरी हाकललं होतं त्यांनीही घेतला. वास कुणालाच आला नाही. "वास नाई," गिरजाबाई शेवटी म्हणाली. "गोळ्या घेत असन कोनत्या." बैठकीत दुसऱ्या बाईला अध्यक्ष केलं.

त्या दिवसापासून शेवंताबाईंनी कुणाला विचारायची वेळ येऊ दिली नाही. आपणहून तोंड पुढे करायला लागल्या.

नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी निदान केलं तोवर बराच उशीर झाला होता. लहान मेंदू झिजत जाण्याचा आजार. शरीराचा तोल आणि हालचालींचा नेम मेंदूच्या त्या भागाच्या ताब्यात असतो. तो झिजला की पाऊल ठरवलेल्या जागी पडत नाही, घास नीट तोंडापर्यंत जात नाही, शब्द तुटतात. लांबून पाहणाऱ्याला माणूस झिंगलेलाच वाटतो. आजार घराण्यात चालत येतो. त्याला औषध नाही. व्यायामाने काही दिवस धरून ठेवता येतं, तेवढंच आमच्या हातात होतं. हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं. शेवंताबाईंना गोड बोललेलं चालत नसे.

"म्हंजे बरी नाई होत मी."

"नाही."

"मंग इथी काऊन येऊ?"

"आज जेवढं चालता, तेवढं पुढच्या वर्षीही चालता यावं म्हणून."

"लय नाई झालं. पन खोटं त नाई बोललीस," असं म्हणून त्यांनी यायचं कबूल केलं.

आमच्या केंद्रात त्या वर्षी घोड्यावरची थेरपी नुकती सुरू झाली होती. घोडा चालतो तेव्हा पाठीवर बसलेल्या माणसाची कंबर अगदी चालताना हलते तशी हलते, पुढेमागे, डावीउजवीकडे, थोडी वळून. पायांनी चालणं जमत नसेल तरी कमरेला आणि पाठीला चालण्याचा सराव मिळतो, पाठ आपोआप तोल शोधायला लागते. खोगीर नसतं. जाड घोंगडी, त्यावर धरायच्या कड्या असलेला पट्टा. एक माणूस पुढे लगाम धरून चालतो, दोघं दोन्ही बाजूंनी पेशंटच्या मांडीला हात लावून.

घोडी होती बिजली. नाव बिजली आणि चाल इतकी संथ, की अंगणातल्या कोंबड्या तिच्या पुढे निघून जायच्या. आमच्या कामाला तीच चाल हवी होती. तिचे मालक इस्माईलभाई कोळशाच्या खाणींच्या घुग्घुसचे. आधी ते लग्नाच्या वरातींना घोडी द्यायचे. "वहां सफेद घोडी चार दिन सफेद नाई राहत, मॅडम. कोयले की धूल," असं ते म्हणायचे आणि इथे आल्यापासून रोज सकाळी बिजलीला घासून पुसून लख्ख ठेवायचे.

शेवंताबाईंना पहिल्यांदा घोडीपाशी नेलं तेव्हा त्या भडकल्या.

"माही वरात काढतं का, मॅडम? कमी झाली का गावात?"

मी समजावलं. मनोहरभाऊंनी समजावलं. शेवटी त्या इस्माईलभाईंकडे वळल्या. "लग्नात जाते ना हे घोडी? पेनाऱ्या पोट्ट्याइच्या घोळात नाचते?"

"पहले जात होती, भाभी. अब नाई जात."

"हिले पाजत होते का ते पोट्टे?"

इस्माईलभाई ओशाळले. "एक दो बार पिलाने गये थे. मैंने बहोत मारा उनको."

शेवंताबाईंनी काठी टेकत टेकत पुढे जाऊन बिजलीच्या तोंडाशी नाक नेलं आणि खोल श्वास घेतला. बिजलीने फुर्र करून त्यांचं तोंड भिजवलं. त्या दिवशी मी शेवंताबाईंना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "हे माह्यापेक्षा इमानदार हाये," त्या म्हणाल्या आणि चौथऱ्यावरून घोडीवर चढायला तयार झाल्या.

एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने मनोहरभाऊ. मनोहरभाऊंनी मांडीवर हात ठेवल्याबरोबर वरून आवाज आला, "सगळ्याइच्यापुढं काय करतं, गा! लाज नाई वाटत?" मनोहरभाऊ खाली मान घालून म्हणाले, "मॅडमनं सांगतलं." आणि हात तसाच ठेवला. तो माणूस फार बोलत नसे, पण सोडायचं नाही म्हटलं की सोडत नसे.

पहिले काही दिवस त्यांनी पट्ट्याच्या कड्या सोडल्या नाहीत. मग हळूहळू एक हात सुटला, मग दुसरा. काही महिन्यांनी त्या हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसायला लागल्या. वर बसल्या की मानेचं डुलणं थांबायचं, छाती मोकळी व्हायची आणि तुटक बोलणंही जरा जुळून यायचं. खाली उतरल्यावर थोडा वेळ त्या बऱ्याच नीट चालत. पाय जवळ पडायचे, भिंत लागायची नाही. मग हळूहळू परत पहिल्यासारखं. तो थोडा वेळ त्यांना फार प्रिय होता. उतरल्या की कुणाशी बोलायच्या नाहीत, आवारातून नुसत्या चालत सुटायच्या.

तोल पक्का व्हावा म्हणून पेशंटला कधी कधी शेपटीकडे तोंड करूनही बसवतात. पुढचं दिसत नाही, पाठीला जास्त काम पडतं. शेवंताबाईंना असं बसवलं होतं त्या दिवसाची गोष्ट. आमच्यापैकी कुणाचंच तोंड त्यांना दिसत नव्हतं. म्हणूनच की काय, त्यांनी बापाचं सांगितलं.

"डॉक्टरनं नागपूरले इचारलं, घरात कोनाले होतं का असं. मी नाई म्हनली. बाप त माहा दारूनं गेला, असंच मनात होतं. घरी येईपर्यंत काई सुचलं नाई. मंग रात्री जेवता जेवता हातातला घास खाली पडला, अन् बाप दिसला."

त्यांना भाऊ नव्हता. आई गेल्यावर बाप लेकीकडेच राहायला आला होता. आधी चांगला मासेमार. मग चालताना झुलायला लागला. गाव त्याला झुलता बुढा म्हणायचं. पोरं मागे लागायची. शेवंताबाई तेव्हा तरुण होत्या, पदरात लहान मुलगा रोशन. त्यांना लाज वाटायची. बापाने कधीकाळी प्यायली होती हे खरं, पण आता सोडली असं तो सांगायचा. कोण विश्वास ठेवणार?

"मी त्याची खाट झाडली, मॅडम. गोधडी उसवून पाह्यली. शिशी नाई सापडली. मी म्हनली, लय हुशार हाये, बाहेरच लपवते. त्याले घरातून काढला अन् बैलाच्या कोठ्यात झोपवला. रोशनच्या डोक्यावर हात ठेवून म्हने, पोरी, नाई पेत मी. मी तो हात झटकून देल्ली. माह्या पोराले शिवू नको म्हनली."

बिजली चालत होती. इस्माईलभाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

"घशात घास अडकून मेला तो. कोठ्यातच. लोक म्हनले, पेऊन जेवत असन. मी काई नाई बोलली. मलेबी तसंच वाटलं. मंग मडकी फोडत फिरली मी गावभर. बापाचा राग होता ना." मग त्या म्हणाल्या, "त्याच्या तोंडाचा वास एकदाबी नाई घेतला मी. गिरजीनं माहा घेतला तरी."

मनोहरभाऊ तळहाताने त्यांच्या मांडीवर थोपटत राहिले. त्या दिवशी शेवंताबाई त्यांना लाजेबद्दल काही बोलल्या नाहीत.

रोशन आता मोठा झाला होता. घुग्घुसला कोळशाच्या कामावर ठेकेदाराकडे लागला होता. हा आजार मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. रक्ताची तपासणी करता येते, हेही सांगितलं होतं. रोशन त्यासाठी तयार नव्हता. "माहीत करून काय करू? दवाई हाये का?" त्याने मला फोनवर विचारलं. सुट्टीला घरी आला की शेवंताबाई त्याला अंगणात उगाच फिरवायच्या. हे आण, ते आण, तलावावरून पाणी आण. तो चिडायचा. त्या त्याच्या पावलांकडे पाहायच्या.

इस्माईलभाई महिन्यातून एकदा घुग्घुसला घरी जायचे. शेवंताबाईंनी त्यांना काम लावून दिलं होतं. "माहा पोरगा दिसला त नुसता पाहून येजा. बोलू नका. कसा चालते तेवढं पाहा." इस्माईलभाई खरंच कामगारांची पाळी सुटायच्या वेळेला रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. परत आले की बिजलीच्या पाठीवर घोंगडी टाकता टाकता म्हणायचे, "सीधा चलता है, भाभी. एकदम सीधा." मग शेवंताबाई चढायच्या.

घोडीवर बसायला लागून वर्ष होत आलं तेव्हा त्यांनी एक दिवस मला सांगितलं, "मले गावात न्या. घोडीवर."

"कशाला?"

"ग्रामसभा हाये. सगळं गाव राह्यते. पंचायतीपाशी मले उतरवा. उतरल्यावर मी नीट चालतो ना? तेवढं चालून दाखवतो त्याइले. एकदा पाहू द्या."

मी नाही म्हटलं. बाहेर नेणं धोक्याचं, रस्ता उंचसखल, पोरंटोरं ओरडतील, घोडी बुजेल. त्या ऐकेनात. केंद्राच्या प्रमुखांकडे त्या स्वतः गेल्या. प्रमुखांना कल्पना आवडली. गावकऱ्यांना थेरपीची माहिती होईल, चांगले फोटो मिळतील, असं म्हणून त्यांनी परवानगी दिली.

ग्रामसभेच्या सकाळी शेवंताबाई हिरवं लुगडं नेसून आल्या. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवरून पदर. पुढे इस्माईलभाई, एका बाजूने मनोहरभाऊ, दुसरीकडे मी. बांध्यांतून आम्ही खडकबोडीत शिरलो. बाया भांडी घासायच्या थांबल्या. म्हातारे ओसरीवरून उठून रस्त्यावर आले. दिवाकर आपल्या दारात तंबाखू मळत होता, तो मळायचा थांबला. शेवंताबाई कुणाकडे पाहत नव्हत्या. ताठ बसल्या होत्या, हात गुडघ्यांवर. मी इतके दिवस त्यांना पाहत होते, पण त्या इतक्या उंच असतील असं मला त्या दिवसाआधी वाटलं नव्हतं.

ग्रामपंचायतीच्या ओट्याशी घोडी उभी केली. आम्ही त्यांना ओट्यावर उतरवलं. त्यांनी मनोहरभाऊंचा हात बाजूला केला, माझा केला. पायऱ्या उतरल्या आणि सगळ्या गावासमोर पटांगणातून झेंड्याच्या खांबापर्यंत चालत गेल्या. पाय जवळ पडत होते. मान स्थिर होती. खांबापाशी पोचून त्या वळल्या, आणि तोल न जाता वळल्या. आमच्या कामात वळणं सगळ्यांत अवघड असतं.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी हसलंही नाही. मग बायांच्या घोळक्यातून गिरजाबाई पुढे आली. तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. तिने शेवंताबाईंचे दोन्ही हात धरले.

"पाह्य व शेवंता," ती म्हणाली, "आज नाई पेली त कशी सरळ चालली! अशीच राहत जाय. सोडून दे ते."

मागे बाया माना डोलवायला लागल्या. हो व, सोडून दे. लेकराकडं पाहून सोड. कुणाच्या आवाजात टोमणा नव्हता. सगळ्या मायेने सांगत होत्या.

मी पुढे होऊन आजाराबद्दल बोलायला लागले. लहान मेंदू, घराण्यातून येतो, नागपूरचे डॉक्टर, सगळं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. दिवाकर म्हणाला, "असन ना, मॅडम. आम्ही कुठी नाई म्हनून राह्यलो?" आमच्या केंद्राचा माणूस फोटो काढत होता. शेवंताबाई माझ्या दंडाला धरून कानाशी म्हणाल्या, "लवकर चढव मले. पाय जाऊन राह्यले." त्यांना त्या पटांगणात पुन्हा पडायचं नव्हतं.

परतीच्या वाटेवर बांधी ओलांडताना त्या म्हणाल्या, "पडली, त पेली. नाई पडली, त आज नाई पेली. आता मी काय करू, सांग."

त्यानंतरही त्या येत राहिल्या, पण उतरल्यावर चालत सुटणं बंद झालं. उतरल्या की सरळ बाकावर बसायच्या.

त्याच हिवाळ्यात केंद्रामागच्या नाल्यात वाघाचे पंजे दिसले. आमच्या भागात ही काही नवलाची गोष्ट नाही, पण बिजलीने धास्ती घेतली. वारा तिकडून आला की जागच्या जागी थरथरायची, चालता चालता उसळी घ्यायची. बुजणाऱ्या घोडीवर पेशंट बसवता येत नाही. गुराख्याची एक गाय फाडली गेली आणि संस्थेने निर्णय घेतला. इस्माईलभाई बिजलीला टेम्पोत चढवून घुग्घुसला घेऊन गेले. निघताना ते शेवंताबाईंना भेटायला खडकबोडीला गेले होते. "लडके को देखता रहूंगा, भाभी," एवढंच त्यांना बोलता आलं.

"वाघालेबी माहीच घोडी दिसली," शेवंताबाई मला म्हणाल्या. केंद्रात मग मोठा चेंडू आला, आरसे आले, तोल राखायची फळी आली. त्यावर मी त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला. घोडीने दिलं ते त्यातून मिळालं नाही. वर्षभरात काठीचा वॉकर झाला, वॉकरची चाकाची खुर्ची झाली. मग ऑटोत बसून येणंही झेपेना.

मध्यंतरी जिल्ह्यातली दारूबंदी उठली. गडचिरोलीत चालू राहिली, आमच्याकडे उठली. ज्या बायांनी मोर्चे काढले होते त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नोकरी बदलून चंद्रपूरला आले.

गेल्या उन्हाळ्यात मी खडकबोडीला गेले. शेवंताबाई अंगणातल्या कडुलिंबाखाली खुर्चीवर होत्या. पुढे कलंडू नये म्हणून मनोहरभाऊंनी जुन्या लुगड्याच्या पट्टीने त्यांना खुर्चीला बांधलं होतं, पट्टीखाली मऊ चिंधी घालून. भात पातळ केला होता आणि ते मासळीतले काटे बोटांनी चाचपून काढत, एकेक घास भरवत होते. घास गिळला की नाही हे पाहिल्याशिवाय पुढचा घास उचलत नव्हते. शेवंताबाईंचं बोलणं आता मला कळत नव्हतं. मनोहरभाऊ मधे सांगत होते. "ते म्हनते, तू बारीक झाली."

तेवढ्यात रस्त्यावर मोटरसायकल थांबली. मागच्या सीटवरून रोशन उतरला. सुट्टीला येणार होता हे मला माहीत होतं. तो फाटकातून आत आला आणि त्याचा पाय वाकडा पडला. सावरायला गेला तर उलट्या बाजूला गेला. कुडाच्या भिंतीवर आपटला, भिंत धरून सरळ झाला, पुन्हा पाय फाकवून दोन पावलं टाकली.

मनोहरभाऊंच्या हातातली ताटली खाली ठेवल्याचा आवाज झाला. मी माझ्या नकळत त्याची पावलं मोजूनमापून पाहत होते, टाच आधी पडते का, गुडघा कुठे वळतो. शेवंताबाईंच्या चेहऱ्याकडे पाहायचं मला धाडस झालं नाही.

मोटरसायकलवाला मित्र धावत आला आणि त्याने रोशनला काखेत धरलं. "काका, माफ करा," तो मनोहरभाऊंना म्हणाला. "ठेकेदारानं पार्टी देल्ली. यानं कधी घेतली नोती, पहिल्याच डावात जास्त झाली. मी सकाळपासून संगंच हावो."

शेवंताबाईंच्या घशातून काहीतरी आवाज आला. मला कळला नाही. मनोहरभाऊंना कळला.

"ते इचारते, पेलाच हाये ना? नक्की?"

"नक्की, काकू," तो मित्र खाली मान घालून म्हणाला. "माह्यासमोरच पेला. मले लाज वाटते सांगाले."

तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. बांधलेल्या पट्टीवर त्यांचं सगळं अंग गदगदत होतं. आधी वाटलं ठसका लागला, म्हणून मी पाण्याला हात घातला. मग दिसलं, त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. रोशन खाटेपर्यंत पोचला आणि तिथेच आडवा झाला. मनोहरभाऊ रागाने उठले, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा पोरावर हात उचलायला. शेवंताबाईंनी थरथरता हात पुढे करून त्यांना अडवलं, आणि फार कष्टाने, एकेक शब्द वेगळा काढत, मलाही कळेल असं बोलल्या.

"झोपू... दे... त्याले. दारू... हाये. उतरन."